करार मोडण्याआधी इंग्लंडातल्या स्विंडनकडे बघा : वाणिज्यमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : व्यापार करारातून बाहेर पडण्याच्या मागणीबाबत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदाराचं म्हणणं.

महोदय,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लहानसं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागांवर, आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करतो आणि माल पुण्याच्या एका कंपनीला देतो. पुढचं ग्राइंडिंग आणि जोडणी तिथं होते, आणि त्यातला काही माल जहाजानं युरोपात जातो. म्हणजे मी निर्यातदार नाही. माझ्या नावावर आजवर एकही शिपिंग बिल फाटलेलं नाही. पण कुठल्या देशानं कशावर सही केली आणि कोण कशातून उठून गेलं, त्याचा परिणाम फिरून फिरून माझ्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे किती माल द्यायचा त्या यादीत, येतोच. म्हणून हे पत्र.

दिल्लीत सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल आठवतात. आठवायलाच हवेत, दोन्हींना जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे आणि हजारो घरं त्यावर चालतात. पण याच शहरात बनलेले कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांच्या इंजिनांत फिरतात. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या वसाहतींत फौंड्री आहेत, आमच्यासारखी जॉबवर्कची शेड आहेत, टूल धार लावून देणारे आहेत, पॅकिंगच्या लाकडी पेट्या ठोकणारे आहेत. मोटार कारखानदारी म्हणजे फक्त चाकण नाही, हे आधी सांगून ठेवतो.

निमित्त असं, की आग्नेय आशियातल्या आसियान गटाच्या देशांबरोबरचा मालाचा करार २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. तेव्हापासून तिकडून येणाऱ्या स्वस्त मालाबद्दल तक्रारी आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. कराराचा फेरविचार व्हावा हे सरकारनंही मान्य केलं. पण बोलणी जरा लांबली की आमच्या बैठकांमधून, पेपरांमधून, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांमधून एकच सूर निघतो : चर्चा कशाला, करारच मोडा, बाहेर पडा. टाळ्या या वाक्याला मिळतात. माझं आपल्याला सांगणं एवढंच आहे, की कलमांसाठी भांडा, हव्या त्या अटी बदलून घ्या, वर्षभर जास्त लागलं तरी चालेल. पण बाहेर पडण्याची भाषा अधिकृतपणे करण्याआधी ब्रिटनच्या मोटार उद्योगाचं काय झालं ते बारकाईनं बघा, आणि ते बघताना नजर मोठ्या कंपन्यांवर न ठेवता त्यांना माल पुरवणाऱ्यांवर ठेवा.

एक गैरसमज होऊ नये. मी शुल्क उठवा, सगळी दारं उघडा असं म्हणणाऱ्यांतला नाही. बाहेरून तयार गाडी आणली तर भारी ड्युटी पडते, म्हणून परदेशी कंपन्यांनी इथं कारखाने टाकले आणि त्यातून माझ्यासारख्यांना काम मिळालं, हे मी विसरलेलो नाही. ४ नोव्हेंबर २०१९ला बँकॉकमध्ये भारतानं आरसेपमध्ये, म्हणजे आसियान, चीन, जपान अशा देशांच्या मोठ्या व्यापार करारात, जायला नकार दिला, तेव्हा मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो. पण आत न जाणं आणि आत गेल्यावर, त्या हिशेबानं कारखाने उभे राहिल्यावर, बाहेर पडणं यात फार फरक आहे. पहिल्यात न मिळालेला फायदा असतो. दुसऱ्यात टाकलेली मशीनं, काढलेली कर्जं आणि शिकवलेली माणसं असतात.

आता ब्रिटन. २०१६ साली तिथं १७ लाख २२ हजार मोटारी बनल्या. १९९९नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. दहातल्या आठ गाड्या परदेशी जात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक युरोपीय संघातल्या देशांत. त्याच वर्षी २३ जूनला सार्वमत झालं आणि ५२ टक्के मतदारांनी संघ सोडायचा कौल दिला. २०२२ साली तिथं ७ लाख ७५ हजार मोटारी बनल्या. १९५६नंतर इतक्या कमी कधी बनल्या नव्हत्या. २०२३ला आकडा नऊ लाखांपर्यंत चढला आणि २०२४ला पुन्हा आठ लाखांच्या खाली आला.

ही सगळी घसरण ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटननं संघ सोडण्याच्या, खात्यावर टाकणं अन्यायाचं होईल. फोक्सवॅगनच्या धूर-चाचणीतल्या २०१५च्या घोटाळ्यानंतर डिझेल गाड्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, चीनमधली मागणी मंदावली होती. मग कोविड आला, त्यामागून चिपचा तुटवडा. पण कोविडच्या आधी, २०१९लाच उत्पादन १३ लाखांवर घसरलं होतं. आणि माझ्या लेखी गाड्यांच्या आकड्यापेक्षा गुंतवणुकीचा आकडा जास्त बोलका आहे. २०१५ साली ब्रिटनच्या मोटार उद्योगात सुमारे २५० कोटी पाउंडांची नवी गुंतवणूक जाहीर झाली होती. २०१८ साली ती ५९ कोटींच्या आत आली. हे होत असताना ब्रिटन अजून संघातच होता. एकाही मालावर एक पैसा ड्युटी लागलेली नव्हती. नुसत्या "पुढं काय होईल?" या प्रश्नानं पैसा थांबला.

हे असं का होतं, ते या धंद्यात असलेल्याला लगेच कळतं. मोटारीचं एक मॉडेल साधारण सहा-सात वर्षं चालतं. त्याच्या जागी येणारं मॉडेल कुठल्या कारखान्यात बनवायचं, हा निर्णय कंपनी तीन-चार वर्षं आधी घेते. त्यानुसार डाय बनतात, लाइन बसते, पुरवठादार ठरतात. त्यामुळे करार मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्याला कुलूप लागत नाही. चालू मॉडेल निघत राहतं, पगार होत राहतात, राजकारणी म्हणतात बघा, काही झालं नाही. फक्त पुढचं मॉडेल त्या कारखान्याला मिळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

स्विंडनचं तसंच झालं. तिथं पूर्वी रेल्वेचा मोठा कारखाना होता, तो १९८६ला बंद पडला. त्याच सुमारास होंडा आली. पुढं तिची सिविक गाडी तिथूनच जगभर जाऊ लागली. रोज युरोपातून सुमारे साडेतीनशे ट्रक सुटे भाग घेऊन त्या कारखान्यात येत. लाइनवर तासाभराला पुरेल एवढाच साठा असे, बाकी सगळं रस्त्यावर, ट्रकमध्ये. १९ फेब्रुवारी २०१९ला होंडानं जाहीर केलं की कारखाना बंद करणार. ३० जुलै २०२१ला तो बंद झाला. साडेतीन हजार माणसं थेट कामाला होती. त्यांच्यामागं सीट बनवणारे, बंपर बनवणारे, कँटीन चालवणारे किती, ते वेगळंच.

होंडानं सांगितलं की हा निर्णय ब्रेक्झिटमुळे नाही, विजेच्या गाड्यांकडे जग वळतंय म्हणून आहे. कंपनीचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. पण एक तारीख आपल्या मंत्रालयानं टिपून ठेवावी अशी आहे. १ फेब्रुवारी २०१९ला, म्हणजे घोषणेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, जपान आणि युरोपीय संघाचा व्यापार करार लागू झाला. जपानी मोटारीवरची १० टक्के ड्युटी टप्प्याटप्प्यानं शून्यावर येणार हे त्यात ठरलं. ब्रिटनमध्ये कारखाना टाकून युरोपात बिनड्युटी शिरायचं, हे जपानी कंपन्यांचं तीस वर्षांचं गणित होतं. आता जपानमधूनच बिनड्युटी जाता येणार आणि ब्रिटनमधून जाता येईल की नाही याची खात्री नाही, अशी उलटी स्थिती झाली. आपण एका गटातून बाहेर पडतो तेव्हा जग थांबून राहत नाही. आपली रिकामी झालेली जागा घ्यायला दुसरा कुणी तेव्हाच सही करत असतो.

मंत्रीमहोदय, सुटे भाग हद्दीवरून किती वेळा ये-जा करतात, याची कल्पना मला स्वतःला क्रँकशाफ्टमुळे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यामुळे, आली. ऑक्सफर्डजवळ काउलीला बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे, मिनी गाडी तिथं बनते. तिच्या क्रँकशाफ्टचा प्रवास ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी २०१७ साली छापला होता. ओतकाम फ्रान्समध्ये. तिथून इंग्लिश खाडी ओलांडून मशिनिंगसाठी इंग्लंडात हॅम्स हॉलला. तिथून पुन्हा खाडी ओलांडून म्युनिकला, इंजिनात बसायला. मग इंजिन म्हणून परत काउलीला, गाडीत बसायला. ती गाडी फ्रान्स-जर्मनीत विकली गेली तर चौथ्यांदा खाडी पार. कच्चं ओतीव लोखंड, त्यावरचं मशिनिंग, त्याची जोडणी, सगळं आम्ही इथं करतो तेच काम. फरक इतकाच, की आमच्याकडे फौंड्री आणि शेड एकाच वसाहतीत आहेत आणि तिकडे मधे समुद्र आहे.

सोलापूरच्या वाचकांसाठी सांगतो. शहराच्या वेशीवरचे जकात नाके आठवा. ट्रकची रांग, पावती, माल उतरवून बघणं, "साहेब जेवायला गेलेत". जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, २०१७ला जीएसटी आला आणि तो काळ मागं पडला. आता कल्पना करा, की एका शाफ्टला गाडीत बसेपर्यंत तीन वेळा असा नाका लागतो, आणि लाइनवर साठा फक्त तासाभराचा आहे. ड्युटी शून्य असली तरी नाका तो नाकाच. ब्रिटनला शेवटी २४ डिसेंबर २०२०ला, मुदत संपायला आठवडा उरला असताना, युरोपशी शून्य ड्युटीचा करार करता आला. तरी कस्टमची कागदपत्रं, दोन्हीकडची वेगवेगळी मान्यता-प्रमाणपत्रं आणि मालाच्या मूळ देशाचा पुरावा हे तिन्ही आलेच.

या मूळ देशाच्या नियमावर, ज्याला आमच्या धंद्यात सगळे नुसतं ओरिजिन म्हणतात, जरा थांबतो. कारण पेपरांत यावर कुणी लिहीत नाही आणि आमचं मरण त्यातच आहे. ब्रिटन संघात होता तोवर तिथली गाडी युरोपात विकताना तिच्यात कुठल्या देशाचा भाग किती, हे कुणी विचारत नव्हतं. आता नियम असा, की ब्रिटनमध्ये बनलेली पेट्रोलची गाडी बिनड्युटी युरोपात न्यायची असेल तर तिच्या किमतीतला बाहेरच्या मालाचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ब्रिटन आणि युरोप मिळून जे बनलं ते आतलं. बाकी सगळं बाहेरचं. जपानचं बाहेरचं, तुर्कस्तानचं बाहेरचं, आणि भारतातून तयार होऊन गेलेला शाफ्टही बाहेरचाच.

म्हणजे काय झालं बघा. ब्रिटननं संघ सोडला, भांडण त्या दोघांचं. पण नवा करार लागू झाल्यापासून युरोपात जाणाऱ्या ब्रिटिश गाडीत बसणारा प्रत्येक भारतीय भाग त्या ४५ टक्क्यांत मोजला जाऊ लागला. ज्या कंपनीची बाहेरच्या मालाची मर्यादा गाठत आली असेल, तिच्या खरेदी खात्यातला माणूस काय करील? महागडं जपानी इलेक्ट्रॉनिक्स काढता येत नाही, त्याला पर्याय नाही. तो साधा, कुठंही मिळणारा भाग पोलंड किंवा रुमेनियातून घेईल. साधा, कुठंही मिळणारा भाग म्हणजे आम्ही. आमचा दर कमी, दर्जा बरोबर, वेळ बरोबर, आणि तरी काम जातं, कारण आमचा पत्ता चुकीचा.

विजेच्या गाड्यांना हा नियम आणखी कडक होणार होता. ब्रिटन आणि युरोपीय संघानं मिळून २०२३च्या डिसेंबरमध्ये त्याची अंमलबजावणी २०२६ अखेरपर्यंत पुढं ढकलली, कारण दोघांकडेही बॅटरी पुरेशा बनत नव्हत्या. टाटा समूह इंग्लंडात ब्रिजवॉटरला बॅटरीचा मोठा कारखाना उभारतोय, जाहीर गुंतवणूक ४०० कोटी पाउंडांची. त्यामागं हेही एक कारण आहे : जिथं गाडी, तिथंच बॅटरी, नाहीतर ओरिजिन बसत नाही. ब्रिटिश सरकारलाही त्यासाठी मोठी मदत द्यावी लागली. बाहेर पडून वाचवलेली संघाची वर्गणी अशा रीतीनं एकेका कारखान्याला द्यावी लागते.

टाटांचा विषय निघालाच आहे तर. २००८ साली टाटा मोटर्सनं जग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती. २०१८च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत त्याच टाटा मोटर्सनं जवळपास २७ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवला, तोवरच्या भारतीय कंपन्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा. चीन, डिझेल, ब्रेक्झिट, तिन्ही कारणं होती. २०१९च्या जानेवारीत जग्वार लँड रोव्हरमध्ये साडेचार हजार नोकऱ्या कमी करायचं ठरलं. तिच्या डिस्कव्हरी गाडीचं उत्पादन ब्रिटनमधून स्लोव्हाकियात नित्रा इथं गेलं. तो कारखाना आधीच ठरलेला होता हे खरं. पण संघाच्या आत एक पाय असणं किती मोलाचं, ते त्या काळात कळलं.

आता माझ्या शेडमध्ये काय झालं ते सांगतो. ब्रिटन २९ मार्च २०१९ला बाहेर पडणार असं ठरलं होतं. २०१८च्या दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीकडून शेड्यूल वाढून येऊ लागलं. कारण एकच : नाक्यावर माल अडकला तर, म्हणून तिकडचे ग्राहक साठा करत होते. शेड्यूल आलं की माल द्यावाच लागतो, नाही दिला तर पुढच्या वेळी नाव यादीतून जातं. आम्ही दोन पाळ्यांच्या तीन केल्या. कर्ज काढून एक जुनं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, घेतलं. आयटीआय झालेली चार पोरं घेतली, त्यातलं एक पुण्याचं काम सोडून आई-वडिलांजवळ राहायला मिळेल म्हणून आलं होतं. मार्चमध्ये तारीख पुढं ढकलली. एप्रिलमध्ये शेड्यूल जवळजवळ कोरं आलं, कारण तिकडे गोदामं आमच्याच मालानं भरली होती. नंतर नवी तारीख ठरली ३१ ऑक्टोबर, आणि दिवाळीच्या आधी पुन्हा तोच खेळ. तीही तारीख पुढं गेली. व्हीएमसीचा हप्ता मात्र एकदाही पुढं गेला नाही. त्या पोराला मीच परत पुण्याला जा म्हणून सांगितलं. कंपनीनं फसवलं असं मी म्हणत नाही, तिच्याही वरचे तिला तसंच सांगत होते.

हे फक्त आमच्याकडेच झालं असं नाही. काउलीच्या मिनी कारखान्यानं दरवर्षी उन्हाळ्यात होणारा देखभालीचा बंद त्या वर्षी मुद्दाम एप्रिलमध्ये घेतला, म्हणजे बाहेर पडल्यावर होणाऱ्या गोंधळात लाइन बंदच असेल. इतरांनीही तेच केलं. आणि ब्रिटन त्या तारखेला बाहेर पडलाच नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनचं मोटार उत्पादन आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ४४ टक्क्यांहून जास्त घसरलं. बंद एकदा ठरला की पुरवठादारांच्या सुट्या, कंत्राटी कामगार, ट्रक सगळं त्यावर बांधलेलं असतं, तो ऐनवेळी हलवता येत नाही. कडक निर्णय उद्योग पचवतो. हलणारी तारीख पचत नाही.

सगळेच कारखाने बुडाले असंही नाही, आणि ते लपवून मला आपल्याला काही पटवायचं नाही. संडरलंडला निस्सान आहे, १९८६पासून. ती टिकली. २०२१ मध्ये तिथं विजेची गाडी आणि बॅटरी मिळून १०० कोटी पाउंडांची योजना जाहीर झाली. पण ती आपोआप टिकली नाही. सार्वमतानंतर काही महिन्यांतच सरकारनं कंपनीला लेखी आश्वासनं दिली, पुढं मदतही दिली. तरी २०१९च्या फेब्रुवारीत एक्स-ट्रेल गाडी तिथं बनवायचं निस्साननं रद्द केलंच. मोठ्या कंपनीला मंत्र्याचं पत्र मिळतं. तिला नटबोल्ट पुरवणाऱ्याला कोण पत्र देणार?

संडरलंडमध्ये ६१ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं होतं, स्विंडनमध्येही बहुमत तिकडेच होतं. इथले काही सुशिक्षित लोक त्यावर हसतात, मला ते आवडत नाही. संडरलंडच्या जहाजगोद्या १९८८ला बंद झाल्या, शेवटची कोळशाची खाण १९९३ला. ज्या गावानं आपले कारखाने डोळ्यांदेखत बंद होताना पाहिलेत, त्याला "बाहेर पडा, सगळं पुन्हा आपल्या हातात येईल" हे वाक्य खरं वाटणारच. सोलापूरला हे वेगळं समजावून सांगायला नको. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही बंद पडलेल्या कापड गिरण्यांची नावं घेतली की आजही घराघरात कुणीतरी गप्प होतं. मिलच्या कामगारांची मुलं आज आमच्या शेडमध्ये मशीनवर उभी आहेत किंवा चाकणला भाड्याच्या खोलीत राहताहेत. त्यांच्यापुढं टाळ्यांचं वाक्य बोलणं सोपं आहे. म्हणूनच ते बोलणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

आता आमच्या अपेक्षा.

आसियानच्या बाबतीत, ज्या मालामुळे खरंच इजा होते त्या मालापुरतं भांडा. डम्पिंग, म्हणजे मुद्दाम पडत्या भावात माल ओतणं, असेल तर तपास करून शुल्क लावा, ओरिजिनचे नियम घट्ट करा, म्हणजे तिसऱ्या देशाचा माल तिकडून वळून इथं येणार नाही. यासाठी करार मोडावा लागत नाही. आणि समजा कधी मोडायचीच वेळ आली, तर आधी जिल्हावार अहवाल काढा : कुठल्या जिल्ह्यात कोण काय बनवतं, कच्चा माल कुठून येतो, तयार माल कुठं जातो, कुणाचं काय जाईल. असोसिएशनच्या दिल्लीतल्या पदाधिकाऱ्यांना विचारून हे कळणार नाही. त्यांच्यात बहुतेक मोठ्या कंपन्यांची माणसं असतात, आणि स्वस्त आयात भाग वापरणारी मोठी कंपनी आणि तोच भाग बनवणारा लहान कारखाना यांचं हित एक नसतं. तारीख ठरवाल ती निदान एका मॉडेलच्या आयुष्याएवढी लांबची ठरवा, आणि एकदा ठरली की हलवू नका.

दुसरं, आजच करता येण्यासारखं. २४ जुलै २०२५ला ब्रिटनशी आपला करार झाला. आपल्या जवळजवळ सगळ्या मालावरची तिकडची ड्युटी जाणार, त्यात सोलापूरचे टॉवेलही आले. चांगली गोष्ट आहे, मनापासून अभिनंदन. पण सवलत घ्यायची तर ओरिजिन सिद्ध करावं लागतं, आणि या करारात निर्यातदार स्वतःच ते जाहीर करू शकतो. म्हणजे त्याच्यावरची जोखीम वाढली, मग तो ती खाली आमच्याकडे ढकलतो. सही झाल्यानंतर काही महिन्यांत आमच्या ग्राहकाकडून एक्सेल शीट आली. पार्ट नंबर, एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), कच्च्या मालाचा मूळ देश, किमतीतला परदेशी मालाचा टक्का, खाली सही-शिक्का. चुकीची माहिती दिल्यास नुकसानभरपाई तुमच्याकडून, अशी एक ओळ तळाशी. मी ती शीट घेऊन आमच्या फौंड्रीवाल्यांकडे गेलो. ते भट्टीत पिग आयर्न टाकतात, आमच्याकडून परत गेलेला बर, म्हणजे मशीनवर निघालेला लोखंडाचा कीस, टाकतात आणि बाजारातून घेतलेलं भंगार टाकतात. भंगारात जुनी शेतीची अवजारं असतात, बंदरातून आलेला परदेशी भंगारही असतो. ते मला म्हणाले, भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा देश मी कसा लिहू?

उत्तर सोपं असेलही. वितळून ओतल्यावर ते भारतीयच, असं नियमात कुठंतरी असेल. पण ते जबाबदारीनं, लेखी सांगणारा माणूस सोलापुरात नाही. सीए म्हणतो हा माझा विषय नाही. पुण्याचा सल्लागार एका भागामागं जी फी सांगतो, तेवढा त्या भागावर आमचा नफा सुटत नाही. शेवटी लोक अंदाजानं आकडा भरतात आणि शिक्का मारतात. उद्या तिकडच्या कस्टमनं तपासणी लावली तर त्या शिक्क्यावरून कोण मोडेल, ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून आमची मागणी आहे, की सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात ओरिजिन आणि एचएसएनचं काम जाणणारा एक अधिकारी कायमचा बसवा. त्यानं लहान कारखानदाराला लेखी उत्तर द्यावं आणि त्या उत्तराला पुढं कायद्यात किंमत असावी. माहितीपत्रकं मराठीत काढा. आमच्याकडच्या कितीतरी यंत्रमागवाल्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते, काही ठिकाणी कानडी, तर त्या भाषांतही काढा. जेवढ्या खर्चात एखाद्या कराराच्या सहीचा सोहळा होतो, त्याच्या लहानशा हिश्शात हे होईल.

तिसरी मागणी आपल्या मंत्रालयापुरतीच आहे. करारांच्या वाटाघाटींत ज्या बाबी आधीच दोन्ही बाजूंनी जाहीर झालेल्या असतात, त्या तरी वेळच्या वेळी आमच्यापर्यंत येऊ द्या. युरोपीय संघाशी २००७ला सुरू होऊन मधेच थांबलेली आणि २०२२ला पुन्हा हाती घेतलेली बोलणी आम्ही परदेशी बातम्यांमधून वाचत आलो. मोटारींच्या सुट्या भागांसाठी ओरिजिनची अट किती टक्के मागितली जाते, हे लाखो लोकांच्या कामाशी जोडलेलं आहे. गुप्त ठेवावं असं त्यात फार थोडं असतं.

या पत्राची प्रत सोलापूर जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांना आणि जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना देत आहे. आसियान कराराच्या फेरविचारावर मंत्रालयानं हरकती-सूचना मागवल्या तर आमच्या वसाहतीतले जॉबवर्कवाले आणि फौंड्रीवाले मिळून भागवार माहिती द्यायला तयार आहोत : कुठला भाग, कुठल्या दरानं, आयात मालापुढं किती कमी पडतो. आपले अधिकारी इथं आले तर त्यांना कागदाऐवजी माल हातात घेऊन बघता येईल.

आपला,
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक जॉबवर्कवाला,
सोलापूर